खुलं पत्र: जिल्हा आवृत्तीतला खेळाचा बातमीदार परत ग्राउंडवर पाठवा

प्रति,
राज्यातल्या सगळ्या मराठी दैनिकांचे संपादक, आणि खास करून जिल्हा आवृत्त्या सांभाळणारी मंडळी

स.न.वि.वि.

मी एका हायस्कूलमध्ये क्रीडाशिक्षिका आहे. त्याआधी कॉलेजला असताना ८०० आणि १५०० मीटर पळायचे, विद्यापीठाकडून ऑल इंडिया आंतरविद्यापीठ स्पर्धेपर्यंत गेले, त्यापुढं नाही. माझं नाव तुम्हाला माहिती असायचं काही कारण नाही आणि हे पत्र माझ्याबद्दल नाहीच आहे. हे आहे एका माणसाबद्दल जो तुमच्यापैकीच एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत खेळाच्या बातम्या द्यायचा, अंशकालीन, म्हणजे मानधनावर. दैनिकाचं नाव मी घेणार नाही, त्यांचंही घेणार नाही कारण त्यांना ते आवडणार नाही. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो.

काका माझे मित्र होते, आहेत. वयात वीसेक वर्षांचं अंतर, मी दुष्काळी तालुक्यातल्या शेतकऱ्याची मुलगी आणि ते गावातले पत्रकार, तरी मित्रच म्हणते कारण दुसरं काय म्हणणार. कोच नव्हते, नातेवाईक नव्हते, निवड समितीत नव्हते. माझ्याकडून त्यांना काही मिळणार नव्हतं, मला त्यांच्याकडून मिळून मिळून दोन ओळी मिळायच्या.

आता ग्राउंडवर नेमकं काय व्हायचं ते सांगते, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी डेस्कवरच वर्षं काढली असणार. आमच्या झोनल, म्हणजे विद्यापीठाच्या विभागीय स्पर्धा, मातीच्या ट्रॅकवर व्हायच्या. सकाळी सातला फक्की मारायला सुरुवात, म्हणजे नऊला पहिली हीट, म्हणजे प्राथमिक फेरी, असं कागदावर असायचं आणि प्रत्यक्षात अकरा वाजायचे. कॉलेजचे फिजिकल डायरेक्टर एकच, तेच कबड्डी बघणार, तेच बुद्धिबळाची एन्ट्री भरणार, तेच टीए-डीएच्या पावत्या गोळा करणार, त्यामुळं माझी रेस सुरू झाली तेव्हा सर तिकडं ऑफिसात कुणाचं तरी आयकार्ड राहिलं म्हणून भांडत असायचे. स्टॉपवॉच घेऊन दुसऱ्या वळणाशी उभा असायचा तो फक्त हा माणूस. खिशात छोटी डायरी, निळं बॉलपेन, आणि प्रत्येक दोनशे मीटरला टाइम लिहायचा. कुणाला दाखवायला नाही, पेपरात ते स्प्लिट, म्हणजे टप्प्याटप्प्याचे टाइम, कधी छापून येणारच नव्हते. सवय म्हणून, खेळ समजून घ्यायचा तर असाच घ्यायचा म्हणून.

पहिल्या वर्षी मी ८०० मीटरच्या फायनलला चौथी आले. रडत बसले होते झाडाखाली. ते आले, अगं काय झालं वगैरे काही विचारलं नाही, डायरी उघडून समोर धरली. "चारशेला ६४. सहाशेला १:४०. शेवटचे दोनशे ३९. पोरी, तू हरली नाहीस, तू पहिल्याच लॅपमध्ये सगळं खर्चून टाकलंस. पहिली लॅप ६७ सेकंदात जा, मग बघ." एवढंच बोलून पुढच्या मुलीकडं गेले, जी शेवटची आली होती, आणि तिला तिचं नाव विचारलं, वडलांचं नाव, गाव, ह्रस्व की दीर्घ, सगळं. मी बघत होते. शेवटच्या नंबरच्या मुलीचं नाव पेपरात येणार नाही हे त्यांनाही माहिती होतं, तरी लिहून घेतलं, कारण पुढच्या वर्षी तीच पहिली येऊ शकते आणि मग नाव चुकायला नको. पुढच्या वर्षी मी ६७ ला गेले आणि २ मिनिटं १५ सेकंदात संपवली, पहिली आले.

दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर सिंगल कॉलम, माझं नाव, गाव, टाइम. आमच्या गावात पेपर येतो तो दूध डेअरीत. आमचे आण्णा सकाळी दूध घालायला गेले, फॅट लागायची वाट बघत उभे होते, तर सचिवांनी पेपर पुढं सरकवला, म्हणाले ही तुमचीच का. आण्णांना मी पळते हे माहिती होतं पण ते कॉलेजातलं काहीतरी, गॅदरिंगसारखं, असंच त्यांना वाटायचं. त्या वर्षी माझ्यासाठी एक स्थळ आलेलं होतं आणि बोलणी बरीच पुढं गेली होती. नंतर काका एकदा घरी आले, माझ्यासमोरच आण्णांना म्हणाले, "आण्णा, पोरगी चांगली पळतीया. अजून दोन वर्षं थांबा, मग तुमचं तुम्ही ठरवा." आण्णा थांबले. हे फक्त बातमीमुळं झालं असं मी म्हणत नाही, आईचाही त्यात मोठा वाटा आहे, पण छापून आलेला तो टाइम घरात आला आणि माझ्या पळण्याला वजन आलं हे मी डोळ्यांनी बघितलंय.

बातमीदारानं खेळाडूशी दोस्ती करावी का, असं तुमच्यातलं कुणीतरी विचारेल. आणि विचारायलाच पाहिजे, विशेषतः पुरुष बातमीदार आणि कॉलेजची मुलगी असेल तेव्हा तर नक्कीच. म्हणून ही दोस्ती कशी होती ते नीट सांगते. फोन यायचा तो आण्णांच्या मोबाइलवर. बोलणं व्हायचं ते ग्राउंडवर, सगळ्यांच्या देखत. मी खेळत होते तोपर्यंत आमच्या घरी त्या एका वेळेशिवाय ते आले नाहीत, त्या वेळीही फक्त पाणी घेतलं. आणि लिहिताना कुठलीही मेहेरबानी नाही. एका वर्षी आमच्या कॉलेजची रिले टीम डिसक्वालिफाय झाली, बॅटन झोनच्या बाहेर दिला गेला म्हणून, मी त्या टीममध्ये होते, आणि दुसऱ्या दिवशी ते जसंच्या तसं छापून आलं, कुठल्या एक्स्चेंजला चूक झाली त्यासकट. कॉलेजमध्ये सगळे चिडले, मलाही आवडलं नाही. पण बातमी खरी होती आणि त्यात एकही शब्द जास्तीचा नव्हता. तेव्हापासून त्यांनी चांगलं लिहिलं की मला ते खरंच चांगलं वाटायचं, कारण हा माणूस वाईटही लिहितो हे माहिती झालं होतं.

अजून एक प्रसंग सांगायलाच पाहिजे, कारण त्याशिवाय मी काय म्हणते ते कळणार नाही. ऑल इंडिया स्पर्धेला परराज्यात जायचं होतं आणि आमची मुलींची टीम विनारिझर्व्हेशन पाठवली गेली. जनरल डब्यात, संडासाच्या दाराजवळ, किटच्या बॅगांवर बसून आख्खी रात्र, आणि पोचल्यावर दुसऱ्या सकाळी हीट. कुणाच्या चुकीनं, कुठल्या कार्यालयात कागद अडकला, ते मी इथं लिहीत नाही. परत आल्यावर काकांनी विचारलं, प्रवास कसा झाला. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, पण माझं नाव नको, माझं अजून एक वर्ष बाकी आहे. बातमी आली, तारखेसकट, गाडीसकट, किती मुली होत्या त्यासकट, आणि कुणाचंही नाव नाही. मग व्हायचं तेच झालं, कोण बोललं याची चौकशी सुरू झाली, एकेकीला बोलावून विचारलं. काकांनाही विचारलं गेलं, त्यांनी सांगितलं नाही. आणि त्या पूर्ण सीझनला ते ग्राउंडवर माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, नजरसुद्धा दिली नाही, बाकी सगळ्या मुलींशी बोलायचे. मला आधी कळेचना, वाईट वाटायचं, वाटायचं काय बिनसलं. सीझन संपल्यावर त्यांनीच सांगितलं की तुझ्याशी बोलताना कुणी बघितलं असतं तर तुझं सिलेक्शन गेलं असतं बाळा. पुढच्या वर्षी आमच्या टीमला रिझर्व्हेशन मिळालं.

हे काम प्रेस नोट करू शकत नाही. प्रेस नोट आयोजक लिहितो, आणि आयोजक स्वतःच्या विरुद्ध कशाला लिहील.

आता मी मुलांना तालुका आणि जिल्हा स्पर्धांना घेऊन जाते. बातमीदार दिसत नाही. दोन दिवसांनी पेपरात एक फोटो येतो, व्यासपीठावरचा, नारळ फोडताना किंवा हवेत फुगे सोडताना, आणि खाली उद्घाटक कोण, प्रमुख पाहुणे कोण, यावेळी कोणकोण उपस्थित होते, सूत्रसंचालन कुणी केलं, आभार कुणी मानले. आख्खी बातमी वाचून काढा, लांब उडीत कोण जिंकलं ते सापडत नाही. आमच्या शाळेतला एक मुलगा जिल्ह्यात पहिला आला आणि त्या बातमीत त्याच्याशिवाय सगळ्यांची नावं होती. तो मला विचारत होता, मॅडम माझं कधी येणार. मी काय सांगू त्याला? मला या गोष्टीचा मनापासून राग येतो.

काकांच्या पेपरात जिल्ह्यातल्या खेळांना अर्धं पान असायचं, ते आधी पाव झालं, मग आठवड्यातून दोनदा, मग आवृत्त्या एकत्र केल्या आणि तीन जिल्ह्यांचं मिळून एकच खेळाचं पान आलं, त्यावर आयपीएल आणि एजन्सीच्या बातम्या. त्यांना सांगितलं की प्रेस नोट आली तर पाठवा, बाकी जागा नाही. मानधन आधीही पेट्रोलला पुरत नव्हतंच. आता ते एका पतसंस्थेत काम करतात. जाहिराती कमी झाल्या, कागद महागला, लोक मोबाइलवर वाचतात, हे सगळं मला कळतं, मी तुमच्या धंद्यातली नसले तरी घर चालवणारी आहे. पण पान कमी करायची वेळ आली की पहिली कात्री कायम इथंच का लागते?

मराठी पेपरांची ही परंपरा नव्हती हो. वि. वि. करमरकर सरांनी महाराष्ट्र टाइम्समध्ये खेळाला हक्काचं पान मिळवून दिलं, आणि त्या पानावर क्रिकेटच्या बरोबरीनं कबड्डी, खो-खो, कुस्तीला जागा दिली. मराठीत खेळाची पत्रकारिता म्हणजे काय हे त्यांनी दाखवून दिलं, २०२३ मध्ये ते गेले तेव्हा तुमच्यातल्या कित्येकांनी त्यांच्या आठवणी छापल्या, मी वाचल्यात. मग त्यांनी जे उभं केलं ते जिल्ह्यात का टिकू नये?

आणि मेडल येतात ती कुठून येतात ते बघा ना. खाशाबा जाधवांना १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक मेडल त्या प्रवासातून आलं. खर्डेकर काही फेडरेशनचे नव्हते, कोच नव्हते, ते फक्त त्या पोराला ओळखत होते आणि तो काय करू शकतो हे त्यांना दिसलं होतं. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक मेडल मिळायला ७२ वर्षं गेली, २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत ब्राँझ आणलं, तो राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. ललिता बाबर माण तालुक्यातल्या मोही गावची, २०१६ ला रिओमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, फायनलला गेली, पी. टी. उषानंतर ट्रॅकवर ऑलिम्पिक फायनल गाठणारी पहिली भारतीय बाई. स्टीपलचेसवाला अविनाश साबळे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. लांब पल्ल्याची धावपटू कविता राऊत सावरपाड्याची. २०२५ च्या जानेवारीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, भारताचे दोन्ही संघ जिंकले आणि दोन्हीकडं कॅप्टन महाराष्ट्राचे होते, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. यांचं मेडल आलं की तुमचं पहिलं पान भरून जातं, घरच्यांचे फोटो, गावातली मिरवणूक, शाळेतल्या बाईंची मुलाखत. छापाच, छापायलाच पाहिजे. पण त्या दिवशी गावात गाडी पाठवता ती त्याच्या आधीच्या दहा वर्षांत एकदा पाठवा, जेव्हा ती पोरं तालुक्याच्या ग्राउंडवर अनवाणी पळत असतात. पुढची ललिता आत्ता कुठल्यातरी झोनलला पाचवी येत असणार आणि तिचे स्प्लिट कुणी लिहून घेत नाहीये.

आणि जे कधीच ऑलिम्पिकला जाणार नाहीत, म्हणजे माझ्यासारखे, म्हणजे जवळजवळ सगळेच, त्यांचं काय? सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी लागते, आणि मधल्या काळात बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं तुमच्याच पानांवर येऊन गेली, न खेळलेल्यांनी कागद आणले आणि खेळलेल्यांकडं संशयानं बघायची वेळ आली. आमच्या बरोबरच्या एका मुलीचं प्रमाणपत्र असंच अडकलं होतं, स्पर्धा खरी, ती खरी, पण रिझल्ट शीट सापडत नव्हती, संघटनेचे पदाधिकारी बदललेले, नवे म्हणत होते आमच्याकडं जुनं दप्तर नाही. तिनं काकांना फोन केला. त्यांच्याकडं सगळी कात्रणं वर्षाप्रमाणं लावलेली. त्यातून तारीख मिळाली, ठिकाण मिळालं, पहिल्या तीन मुलींची नावं मिळाली, त्यातल्या बाकी दोघींकडं स्वतःची प्रमाणपत्रं होती, आणि तिथून माग काढत काढत शीटची कॉपी एका रिटायर्ड पंचांच्या घरी सापडली. कात्रण हा काही कायद्यानं चालणारा पुरावा नाही हे मला माहितीये, पण ते नसतं तर शोधायचं कुठून हेच कळलं नसतं. ती मुलगी आज पोलिसात आहे. जिथं बातमीदार उभा असतो तिथं खोटी स्पर्धा कागदावर घेणं अवघड जातं, आणि खरी स्पर्धा कागदावरून पुसून टाकणं पण अवघड जातं.

मला लोक म्हणतात, अगं आता सगळ्यांकडं मोबाइल आहे, पोरं स्वतःच रील टाकतात, पेपर कशाला पाहिजे. माझीच पोरं टाकतात, मी बघते. रीलमध्ये जिंकलेला दिसतो, गाणं असतं, टाइम नसतो, दुसरा-तिसरा कोण ते नसतं, आणि रिझर्व्हेशन का नव्हतं हे विचारणारं तर कुणीच नसतं. आणि पोरगा स्वतःबद्दल सांगतो ते वेगळं, ज्याला तुमच्याशी काही देणंघेणं नाही असा एक जाणता माणूस तुमच्याबद्दल चार खऱ्या गोष्टी लिहितो ते वेगळं. मला वयाच्या एकोणिसाव्या वर्षी असा माणूस भेटला. माझ्या पोरांना भेटत नाही. माझं दुखणं हे आहे.

मागणी फार नाहीये. प्रत्येक जिल्हा आवृत्तीत आठवड्यातून एक दिवस पाव पान शाळा-कॉलेजच्या खेळांना. त्यात आधी निकाल, नाव-गाव-टाइमसकट, पहिल्या तिघांचे तरी. पाहुण्यांची नावं शेवटी, जागा उरली तर. प्रेस नोटमध्ये निकाल नसेल तर ती परत पाठवा आणि निकाल मागवा, दोनदा परत गेली की आयोजक आपोआप पाठवायला लागतील. आणि एक माणूस, जिल्ह्याला एकच, ज्याला ग्राउंडवर जायचे पैसे वेगळे मिळतील, पेट्रोलसकट, कारण छापून आलेल्या मजकुराचे सेंटिमीटर मोजून मानधन दिलं तर तो दिवसभर उन्हात उभा राहून चार ओळींचे पैसे घेऊन घरी जाणार. असे लोक अजून आहेत. काही पतसंस्थेत आहेत, काही शिकवण्या घेतायत, त्यांच्याकडं डायऱ्या आहेत, त्यांना पंच ओळखतात, कोच ओळखतात, कुठल्या गावात कुठला पोरगा चांगला फेकतो हे त्यांना तोंडपाठ आहे. त्यांना परत बोलवा. आणि त्यांच्याबरोबर पत्रकारितेचं शिक्षण घेणारी एखादी पोरगी किंवा पोरगा पाठवा, दोन सीझन त्यांच्या मागं फिरला तर पुढची वीस वर्षं तुम्हाला माणूस मिळेल. पोरगी पाठवलीत तर फार बरं, मुलींना बऱ्याच गोष्टी काकांनासुद्धा सांगता यायच्या नाहीत, पाळीत रेस आली तर काय करायचं, हॉस्टेलच्या दाराला कडी नव्हती, असलं सगळं. ते कधी छापूनच आलं नाही.

शाळा सुरू होऊन थोडे दिवस झाले की तालुका स्पर्धा लागतात, वेळापत्रक तुमच्या जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात मिळतं, कॉलेजच्या झोनलचं विद्यापीठाच्या क्रीडा विभागात. त्यातली एक तारीख निवडा, शक्यतो मैदानी स्पर्धांची, आणि माणूस सकाळी सातला पाठवा, उद्घाटनाला नको, फायनल होईपर्यंत थांबू दे. आमच्या तालुक्यात आलात तर ८०० मीटरच्या दुसऱ्या वळणाशी मी असेन, पोरांचे टाइम माझ्याकडं लिहिलेले असतात, नावं गावासकट, मागाल ते देते.

कळावे,

एक माजी विद्यापीठ खेळाडू, सध्या क्रीडाशिक्षिका